साखरेच्या कारभारात खाणारा कुठे?



डॉक्टरांच्या अधिवेशनात अध्यक्षाने आपल्या शाखेतल्या प्रगतीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. मी मधुमेहाचे रुग्ण बघतो, तेव्हा मी नव्या इंजेक्शनांवर बोलेन असे काहींना वाटले असेल. त्यावर दुपारी दोन सत्रे आहेत आणि तिथले वक्ते माझ्यापेक्षा जास्त वाचलेले आहेत. मला बोलायचे आहे सरकार आणि साखर यांच्याबद्दल. कोल्हापुरात, ऐन गाळप हंगामात, तेही जेवणाआधी हा विषय काढणे धाडसाचेच. पण अध्यक्षाला मध्येच कोणी चिठ्ठी पाठवत नाही, या पदाचा तेवढा फायदा मी घेणार आहे.

लोकांनी साखर किती खावी यात सरकारने पडावे का, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. इंग्लंड-अमेरिकेत तो शोभतो. महाराष्ट्रात तो ऐकून हसू यावे. सरकार साखरेत पडलेले नाही अशी एक जागा दाखवा. दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतर हवे, ही सरकारची अट. गाळपाचा परवाना मिळाल्याशिवाय बॉयलर पेटत नाही. उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, दरवर्षी दिल्लीत ठरते. २०२४-२५ च्या हंगामाला ती सव्वादहा टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३४० रुपये होती. कोणत्या कारखान्याने कोणत्या महिन्यात किती साखर बाजारात सोडायची याचा कोटा दिल्लीहूनच येतो. निर्यात कधी उघडायची, उसाच्या रसापासून इथेनॉल किती करायचे, तेही तिथेच. २०१८ साली साखरेला किमान विक्री दर लागू झाला, आधी किलोला २९ रुपये, मग फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१. म्हणजे कारखान्याने साखर त्याहून स्वस्त विकणे बेकायदा. हे सगळे बघायला पुण्यात साखर संकुल नावाची इमारत आहे आणि तिथे साखर आयुक्त बसतात. तुरीच्या डाळीला असा आयुक्त नाही.

या कारभाराची टिंगल करायला मी उभा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला, १९५० साली त्याचे पहिले गाळप झाले आणि पुढच्या दोन पिढ्यांत या भागाचे रूप पालटले. माझी मेडिकलची फी उसाच्या बिलातून भरली गेली. या सभागृहात हात वर करायला सांगितले तर निम्मे हात वर होतील. तेव्हा पिकवणाऱ्याच्या बाजूने सरकारने साखरेचा लगाम हाती घेतला, हे योग्यच झाले. माझे म्हणणे इतकेच, की या एवढ्या मोठ्या कारभारात खाणारा येतो तो फक्त भाव चढला की ओरडणारा ग्राहक म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली, ती देशात खायला साखर कमी पडू नये म्हणून. साखर जास्त होते आहे का, हा प्रश्न त्या टेबलावर कधीच येत नाही.

होते आहे. देशात माणशी वर्षाला सुमारे २० किलो साखर खपते. ३६५ ने भागा, दिवसाला ५५ ग्रॅम येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून अधिक मिळू नयेत, पाच टक्क्यांच्या आत राहिले तर उत्तम. दोन हजार उष्मांकांच्या आहाराला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. सरासरीत तान्ही बाळेही आली आणि पाड्यावरचे कुपोषित मूलही आले, तेव्हा शहरातल्या खात्यापित्या घराचा आकडा किती असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यात गोव्याचा क्रमांक पहिला, २६.४ टक्के. मधुमेह एकट्या साखरेने होतो असे म्हणणारा डॉक्टर इथे कोणी नाही आणि मीही तो नव्हे. भात, बसून राहणे, झोप, आनुवंशिकता, सगळ्याचा त्यात वाटा आहे. पण यातल्या आनुवंशिकतेला कायदा लावता येत नाही, साखरेला लावता येतो.

आता ही साखर जाते कुठे? आमच्याकडे दिवाळीला कारखान्याच्या सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते. मोटारसायकलवर पुढे पोते आणि मागे कुटुंब, हे दृश्य तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. माझे एक जुने रुग्ण, उपाशीपोटी साखर अडीचशेच्या घरात, यंदा दिवाळीनंतर पाच किलोची पिशवी घेऊन दवाखान्यात आले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही बंद केल्यापासून घरात संपत नाही. टाकवत पण नाही, कार्डावरची आहे.” मी म्हटले, “आबा, मग मला कशाला?” तर म्हणाले, “तुम्ही कुठं खाताय, पण पोरंबाळं खातील की.” पिशवी टेबलावर ठेवली आणि बाहेर टपरीवर जाऊन आले, ते दोन रुपयांच्या बिस्किटाचा पुडा घेऊन. गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत, म्हणून. चहात साखर नाही, म्हणजे पथ्य पाळले, अशी त्यांची समजूत.

चूक आबांची नाही. घरातल्या डब्यावर आपण इतका पहारा ठेवला, की बाकी साखर नजरेआडून निघून गेली. देशातली निम्म्याहून अधिक साखर डब्यात येतच नाही. ती शीतपेये, बिस्किटे, मिठाई, आइस्क्रीम करणारे ट्रकने उचलतात. म्हणून नियमन करायचे तर घरच्या पुरणपोळीवर दगड मारण्यात अर्थ नाही. अंत्योदय कार्डावर महिन्याला जी एक किलो साखर मिळते तिच्यावर तर मुळीच नाही. ती कुटुंबाला मिळून दिवसाला तेहतीस ग्रॅम पडते, आणि सकाळी कामावर निघणाऱ्या बाईच्या चहात जाते. त्या किलोवरून अनुदानाच्या नावाने बोटे मोडणारे तज्ज्ञ मी ऐकले आहेत. त्यांच्या हातात बहुधा फळाच्या रसाचा डबा होता.

त्या डब्याची करआकारणी बघा. कोलासारख्या पेयावर आपल्याकडे आज ४० टक्के जीएसटी आहे. ऐकायला हा साखरेवरचा कर वाटतो. पण बिनसाखरेच्या कोलालाही तोच ४० टक्के. साखर नसलेल्याने आणि असलेल्याने सारखाच कर भरायचा, तर कंपनीने साखर कमी कशासाठी करावी? सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम १८ वरून पाच टक्क्यांवर आली आणि फळांच्या रसाची पेये बारावरून पाचवर. सणासुदीला लोकांच्या खिशाला दिलासा, म्हणून टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत आरोग्य खात्याचा आवाज ऐकू आला नाही.

ब्रिटनने वेगळे केले. २०१६ साली घोषणा केली आणि एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर आकारणी सुरू केली: १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमहून कमी साखर असेल तर काही नाही, ५ ते ८ ग्रॅम असेल तर लिटरला १८ पेन्स, ८ च्या वर २४ पेन्स. मधली दोन वर्षे कंपन्यांना मुद्दाम दिली होती. त्या काळात बहुतेकांनी पाककृती बदलल्या, साखर पाचच्या खाली आणली आणि सरकारच्या तिजोरीत अंदाजापेक्षा बराच कमी पैसा आला. अर्थमंत्र्याला कमी पैसे मिळाले म्हणून डॉक्टरांनी खूश व्हावे, असा कर विरळाच. मेक्सिकोने २०१४ पासून लिटरला एक पेसो लावला आणि पहिल्या वर्षी खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटली. चिलीत २०१६ पासून पाकिटावर काळा अष्टकोन छापावा लागतो, ‘साखर जास्त’ असा, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असा. त्या कायद्यामागे लागलेले गीदो गिरार्दी हे सिनेटर मूळचे डॉक्टर. आपल्याकडे २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने काळ्या खुणेऐवजी ताऱ्यांची पद्धत मसुद्यात आणली. तारे म्हणजे हॉटेलला मिळतात ते. अर्धा तारा मिळालेले पाकीटसुद्धा तारांकित ठरेल, हे सुचवणाऱ्याच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे. सध्याचे लेबल तर दोन्ही बाजूंनी लबाड. आकडा १०० मिलिलिटरचा, अक्षर मुंगीचे. नेहमीच्या कोलात १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. २५० ची बाटली तोंडाला लावली की २६ ग्रॅम पोटात गेले आणि २५ ची मर्यादा तिथेच संपली. हा गुणाकार बस स्टँडवर कोण करणार?

मात्र मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी कर निवडणार नाही, लेबलही नाही. मी पहिले हजार दिवस निवडीन, गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे. कारण याचे अर्धे शास्त्र आपल्या दाराशी झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा १९९०च्या दशकापासून पाठपुरावा केला. त्या बायांची बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. वजन एवढे कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत. कमी पडले ते स्नायू आणि पोटातले अवयव. बारीक दिसणारी, आतून चरबीची बाळे. ही मुले मोठी होऊन आपल्याकडे येतात आणि आपण म्हणतो, “अहो, तुम्ही तर सडपातळ आहात, तुम्हाला कसा झाला?”

शास्त्राचा दुसरा अर्धा भाग ब्रिटनमधला आहे. तिथे महायुद्धापासून साखर रेशनवर होती, प्रौढाला दिवसाला साधारण ४० ग्रॅम. सप्टेंबर १९५३ मध्ये रेशन उठले आणि खप बघता बघता जवळपास दुप्पट झाला. म्हणजे थोड्याच अंतराने जन्मलेल्या मुलांच्या दोन तुकड्या पडल्या, एक कमी साखरेत वाढलेली, दुसरी भरपूर साखरेत. २०२४ साली ‘सायन्स’मध्ये त्यांच्या पन्नाशी-साठीचा हिशेब आला. ज्यांचे पहिले हजार दिवस रेशनमध्ये गेले त्यांच्यात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी होता. हा प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे आणि त्यातून लगेच सगळे सिद्ध होत नाही. पण याहून चांगला पुरावा हवा असेल तर बाळांवर प्रयोग करावे लागतील, आणि ते आपण करणार नाही. मी एवढेच बघतो, की त्या सरकारने साखर बंद केली नव्हती. आज आपण प्रौढांना सांगतो तेवढ्यावर ठेवली होती.

आणि आपल्याकडे? २०२४ साली स्वित्झर्लंडच्या पब्लिक आय या संस्थेने दाखवले, की एका बड्या स्विस कंपनीच्या भारतातल्या बालआहारात एका वाढपात सरासरी पावणेतीन ग्रॅम साखर वरून घातलेली होती, युरोपात विकल्या जाणाऱ्या त्याच आहारात शून्य. बोभाटा झाल्यावर कंपनीने बिनसाखरेचे प्रकार आणले. बोभाट्याने जे झाले ते कायद्याने का नव्हते? वर्षानुवर्षे अंगणवाडीतून घरी गेलेली शिरा-सुकडीची पाकिटेही गोडच होती, आणि ती देणारी कंपनी नव्हती, आपले सरकार होते. इथे ‘लोकांना त्यांचे ठरवू द्या’ हा मुद्दा लागूच होत नाही. आठ महिन्यांचे बाळ काही ठरवत नाही, आणि त्याची आई पाकिटावरच्या गुबगुबीत फोटोवरून ठरवते.

गुळाचे काय, असे कोणी विचारण्याआधी सांगून टाकतो. कोल्हापूरकरांची माफी मागून सांगतो, की स्वादुपिंडाला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. हायवेवर ‘गुळाचा चहा, शुगरवाल्यांना चालतो’ अशा पाट्या लागल्या आहेत. त्या वाचून येणाऱ्या रुग्णांमुळे माझा व्यवसाय बरा चालतो.

ऊस उत्पादकांचे काय होईल, हा प्रश्न मात्र चेष्टेचा नाही. एफआरपी उताऱ्यावर ठरते, साखर कोणी खाल्ली यावर नाही. पण साखर विकली गेली नाही तर बिले थकतात, हे मी घरात पाहिले आहे. तरीही एकेकाळी साखरेला पर्याय नव्हता, आज आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. उसाला माणसाच्या तोंडाखेरीज दुसरे गिऱ्हाईक मिळालेले असताना दोन वर्षांखालच्या मुलांच्या आहारातली साखर काढली, तर कोणत्या कारखान्याची चिमणी विझणार आहे? तो वाटा एकूण उत्पादनात दिसणारसुद्धा नाही.

दुपारच्या खुल्या सत्रात मी तीन मागण्यांचा ठराव मांडणार आहे. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी विकल्या किंवा वाटल्या जाणाऱ्या कोणत्याही आहारात वरून साखर घालायला बंदी असावी, सरकारी पाकिटांसह. पाकिटाच्या दर्शनी बाजूला ताऱ्यांऐवजी इशारा असावा. आणि पेयांवरचा कर साखरेच्या ग्रॅमवर बेतावा. चर्चेत दुरुस्त्या येतील, त्या याव्यात. पहिल्या मागणीत मात्र ‘शक्यतो’ हा शब्द घालू नये, एवढी विनंती.

ठरावाला एक घरगुती पुरवणी आहे. १९९२ च्या कायद्याने बालआहार कंपन्यांना डॉक्टरांच्या परिषदांना पैसे देण्यास मनाई आहे. शीतपेये आणि बिस्किटे करणाऱ्यांना तो लागू नाही, म्हणून आपण आपल्याच घटनेत तशी दुरुस्ती करून घ्यावी, असे कार्यकारिणीपुढे आले आहे. त्याने पुढच्या अधिवेशनाच्या खर्चात किती खड्डा पडेल याचा हिशेब खजिनदारांनी काढून ठेवला आहे. तो ते संध्याकाळी सर्वसाधारण सभेत मांडतील. सभासदांनी चहानंतर पांगू नये, कारण गणसंख्या लागणार आहे.