पोत्यातले खनिज



‘देशाच्या खनिजांचे धोरण’ हा विषय संयोजकांनी दिला तेव्हा आम्हांला हसूच आले. बदनापूरच्या काळ्या मातीत ना सोने ना तांबे, आणि आमचे शिक्षण तर मालधक्क्यावरचे! पण मालधक्का पुष्कळ शिकवतो. जालन्याला खताची रेक लागली की हमालाच्या पाठीवर ५० किलोचे पोते चढते. ते तांबूस पोटॅश घामात मिसळले की मानेची कातडी चरचरते. त्या पोत्यांवरची कॅनडा, रशिया, जॉर्डन ही नावे वाचता वाचता आमचा भूगोल झाला.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ३० महत्त्वपूर्ण खनिजांची यादी काढली. लिथियम, कोबाल्ट यांची नावे वर्तमानपत्रांनी ठळक छापली. विजेची गाडी त्यांवर चालते ना! पण त्याच यादीत पोटॅश आणि फॉस्फरसही आहेत, हे फारसे कोणी बोलले नाही. आपल्या मोसंबीला लागणारे पोटॅश जवळजवळ सगळे परदेशांतून येते. तिकडे जहाज अडले की इकडे दुकानदार ‘उद्या या’ म्हणतो, आणि पेरणी काही उद्यावर थांबत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा बदलून २४ खनिजांच्या लिलावाचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर झाले. घरचे खनिज शोधावे, हे आम्हांला मान्यच आहे. राजस्थानात पोटॅश आहे, पण फार खोल. आणि सापडले म्हणजे हाती आले, असेही नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतील रियासीला ५९ लाख टन लिथियमधातुकाचा अंदाज जाहीर झाला, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. पुढे लिलाव पुकारला, तर पुरेसे बोली लावणारेच आले नाहीत.

आमचे भांडण निराळे आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदांच्या चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा सरकारला घाई झाली, हे आम्ही समजू शकतो. पण सप्टेंबरात पर्यावरण खात्याने या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतूनच सूट दिली. ज्याच्या बांधाशी सुरुंग लागणार, त्याला विचारायला असे किती दिवस लागतात? आम्ही साधा संप करायचा तरी आधी सभा बोलावतो, आणि सभेत शिव्याही खातो.

त्याच महिन्यात जुन्या बॅटऱ्यांतून ही खनिजे काढण्यासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर झाली. भंगारातून सळई करणाऱ्या जालन्याला हे नवे नाही. पैसा कारखान्याला मिळेल, मिळो. बॅटरी मात्र एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये कोणी पोरगा उघड्या हाताने फोडत असतो. एके ठिकाणी हमालांना हातमोजे मिळावेत म्हणून आम्ही दोन वर्षे अर्ज केले. शेवटी मिळाले ते एकाच मापाचे. ते ज्यांना बसले नाहीत, ते अजून कापडाच्या चिंध्या गुंडाळून पोते उचलतात.