मोहाचा हंगाम आणि अस्वल

भारतात अस्वलाच्या चार जाती आहेत. महाराष्ट्राच्या वनांत त्यांपैकी एकच आढळते. वाळवी, मुंग्या, मध व रानफळे हे तिचे अन्न. मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट या भागांत मोहफुले गळू लागतात. पहाटे ती वेचण्यास माणूस निघतो. त्याच झाडाखाली अस्वलही येते. त्याचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण, दृष्टी मात्र अधू. खाण्यात गढलेल्या अस्वलास माणूस अगदी जवळ आल्यावरच चाहूल लागते आणि भयापोटी ते हल्ला करते. म्हणून अंधारात एकट्याने जाऊ नये. उजाडल्यावर, समूहाने, मोठ्याने बोलत जावे. पिलांसह मादी दिसल्यास मागे फिरावे. अस्वलास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. हंगामापूर्वी ग्रामसभेत व शाळेत एवढे सांगितले गेले, तर माणसासही ते लाभेल.