प्लेगच्या फायली आणि मधले डॉक्टर

इतिहासाचा प्राध्यापक म्हटलं की आपल्याला गड, तह आणि सनावळ्या आठवतात. डॉ. मृदुला रामण्णा यांनी मात्र दवाखाने, गटारं आणि देवीची लस यांचा माग काढला. शीवच्या एसआयईएस महाविद्यालयात त्या इतिहास शिकवत. तास घ्यायचे, पेपर तपासायचे आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचं म्हणजे काय, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

या विषयावरची त्यांची दोन पुस्तकं शेजारी ठेवून पाहा. २००२ सालचं पहिलं पुस्तक सुरू होतं १८४५ पासून, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं त्या वर्षापासून, आणि १८९५ ला थांबतं. २०१२ सालचं दुसरं १८९६ ते १९३०. मधली रेघ प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुणे आणि नाशिक या दोन्हीकडच्या रेल्वेवाटा कल्याणला फुटतात, त्यामुळे आपलं स्टेशन प्लेगच्या तपासणीचं नाकंच झालं. प्रवाशांना खाली उतरवायचं, काखेत-जांघेत गाठ चाचपायची, संशय आला की छावणीत धाडायचं. बायकांच्या अंगाला परक्या पुरुषाचा हात लागतो म्हटल्यावर लोक पेटले.

इतिहासकार डेव्हिड अर्नॉल्ड यांनी १९९३ च्या ग्रंथात अशा हाताळणीत साम्राज्याची सत्ता दाखवली. ते पटतंच. पण तेवढ्यावर थांबलं, तर दोनच पात्रं उरतात: गोरा साहेब आणि भेदरलेली रयत. रामण्णांनी मधल्या माणसाला, म्हणजे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या इथल्या डॉक्टरला, पुढे आणलं. ते वैद्यक शिकूनही कुष्ठरोगावर देशी औषध शोधणारे भाऊ दाजी लाड त्यातलेच.

जुन्या कागदांतून हा इतिहास काढायचं काम किचकट. जुने आरोग्य अहवाल उघडलेत तर मृत्यूच्या तक्त्यात ‘ताप’ हा रकाना फुगलेला दिसतो. गावात मृत्यूची नोंद करायला डॉक्टर थोडाच असे? ती गावकामगाराची. हिवताप, विषमज्वर, सगळं त्या एका रकान्यात कोंबलेलं. हा आकडा जसाच्या तसा उचलणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

आता स्त्री-डॉक्टरांविषयी, कल्याणात उभं राहून जरा धाडसाचं बोलतो. आनंदीबाई जोशी इथल्या. १८८६ ला अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी, फेब्रुवारी १८८७ मध्ये मृत्यू. त्यांच्या जिद्दीपुढे आपण नमतो, पण प्रॅक्टिस करायला त्यांना आयुष्यच मिळालं नाही. बायका डॉक्टरकडे जाऊ लागल्या त्या कशा, हे शोधायचं तर रखमाबाईंकडे वळावं लागतं. लंडनला शिकून १८९४ ला डॉक्टर झाल्यावर त्या परतल्या आणि सुरत, राजकोट मिळून सुमारे पस्तीस वर्षं त्यांनी रुग्ण तपासले. रामण्णांनी स्त्री-डॉक्टरांवर लिहिलं, ते अशा रोजच्या कामाकडे बघून.