यंत्राची करणी

चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम हे उपनगर आहे. शहराच्या बीच स्थानकापासून तांबरमपर्यंतच्या सुमारे ३० किलोमीटरच्या मार्गावर १९३१ साली विजेच्या गाड्या धावू लागल्या. आज या मार्गावरील तारांतून २५,००० व्होल्ट दाबाची वीज वाहते आणि तिच्याखालून नोकरदार, विद्यार्थी व फेरीवाले दिवसभर जात-येत असतात. डोक्यावरचा हा प्रचंड प्रवाह आपल्या विचारांना वळण लावील, अशी शंका त्यांपैकी कोणाच्या मनाला सहसा शिवत नाही. मात्र त्याच प्रवाशाच्या खिशातील, जेमतेम चार व्होल्टांच्या विजेवर चालणाऱ्या मोबाईलविषयी नाना प्रकारच्या समजुती प्रचलित आहेत. तो मनात विचार पेरतो, मुलांना भारून टाकतो, दूर बसलेल्या कोणाच्या हाती माणसाची दोरी देतो, असे शिकलेली माणसेही गंभीरपणे सांगतात. तारेचे काम उघड आहे; तिच्यापासून दूर राहावे अशी पाटी खांबावर लावलेली असते. मोबाईल आत काय करतो हे दिसत नाही आणि न दिसणारे ते भयंकर असावे, असे मनाला वाटते.

तथापि, अदृश्य ते सारे खोटे असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. याच तांबरममध्ये डॉ. चौरी मुथू यांनी १९२८ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. तेथील रेल्वे स्थानकाला आजही ‘तांबरम सॅनेटोरियम’ असेच नाव आहे. क्षय हा एके काळी पूर्वकर्माचा किंवा घराण्याचा भोग मानला जाई. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू जगापुढे ठेवला. हा जंतूही नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हताच. परंतु कॉख यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली इतरांना पाहता येईल असा दाखविला, निराळा काढून वाढविला आणि त्यापासून प्राण्यांत तोच रोग उत्पन्न होतो हे सिद्ध केले. ज्याला शंका होती त्याने स्वतः तोच प्रयोग करून पाहावा, अशी सोय त्यांत होती. अदृश्य शक्तीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. तिचा माग इतरांनाही काढता आला पाहिजे, एवढीच अट आहे.

ही अट न पाळणाऱ्या समजुती मराठी माणसाला परक्या नाहीत. दुभती गाय अकस्मात आटली, धडधाकट मूल खंगू लागले, हसती-खेळती सून अबोल झाली, की कोणीतरी करणी केली असे म्हणण्याचा प्रघात होता आणि काही ठिकाणी तो अद्यापि आहे. करणी दिसत नाही, तिचा मार्ग कोणी दाखवू शकत नाही. करणारा मात्र चटकन सापडतो. बहुधा तो गावातील एखादा दुबळा माणूस किंवा एकाकी विधवा असते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो या दुबळ्यांच्या रक्षणासाठीही होय. यंत्रयुगाने करणीची कल्पना नाहीशी केली नाही. तिला नवे अवजार दिले.

त्याचे एक जुने उदाहरण लंडनमधील आहे. बेथलेम या मनोरुग्णालयातील जॉन हॅस्लम यांनी १८१० साली आपल्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. जेम्स टिली मॅथ्यूज हा चहाचा व्यापारी होता. शहरातील एका तळघरात काही बदमाश ‘हवेचा माग’ नावाचे यंत्र चालवितात, त्यातून वायूंचे धागे सोडतात आणि आपल्या मनात नको ते विचार घालतात, अशी त्याची दृढ श्रद्धा होती. पुढे १९१९ साली व्हिएन्नाच्या व्हिक्टर टाउस्क यांनी, यंत्राच्या प्रभावाखाली आपण आहोत असे मानणाऱ्या रुग्णांविषयी निबंध लिहिला. त्यानंतर रेडिओ आला, उपग्रह आले, सूक्ष्म चिप आली. तक्रार तीच राहिली. आरोपी तेवढा बदलत गेला. जे दुःख वायूच्या मागाने, रेडिओने आणि चिपनेही सारखेच उत्पन्न होते, त्याचे मूळ या तिन्ही यंत्रांबाहेर शोधले पाहिजे. अशा माणसाची यातना मात्र खरी असते. त्याची टर उडविणे जितके क्रूर, तितकेच त्याच्या हो ला हो मिळविणे घातक होय. चेन्नईत किल्पॉक येथे १७९४ पासून चालत आलेले मनोरुग्णालय आहे. अशा माणसाचा योग्य मार्ग तशा दाराकडे जातो.

परंतु एका व्यक्तीचा आजार ही एक गोष्ट आणि सबंध समाजाला झालेली बाधा ही दुसरी. २०१७ साली भारताला अशी बाधा झाली आणि तिचा जोर महाराष्ट्र व तमिळनाडू या दोन्ही राज्यांत विशेष जाणवला. ‘ब्लू व्हेल’ म्हणजे निळा देवमासा या नावाचा एक खेळ मोबाईलवर येतो, तो ५० दिवसांत ५० आज्ञा देतो, आणि त्या पाळता पाळता मूल शेवटी स्वतःचा जीव घेते, अशी वार्ता पसरली. जुलैच्या अखेरीस मुंबईत अंधेरी येथे एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला. त्याचा संबंध या खेळाशी जोडण्यात आला. ऑगस्टमध्ये सोलापूरहून घर सोडून निघालेल्या एका मुलाला पोलिसांनी वाटेत भिगवण येथे उतरवून घेतले. तेथेही हेच नाव पुढे आले. त्याच महिन्याच्या शेवटी मदुराईत एक महाविद्यालयीन विद्यार्थी गेला आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली.

केंद्र सरकारने ऑगस्ट महिन्यात गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप आदी कंपन्यांना या खेळाचे दुवे काढून टाकण्यास सांगितले. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शनला जागृतीसाठी दहा मिनिटांचा कार्यक्रम तयार करण्याची सूचना केली. अडचण एकच होती. काढून टाकावा असा खेळ हाती लागत नव्हता. दुकानातून विकत घ्यावा किंवा मोबाईलवर उतरवून घ्यावा अशी ती वस्तूच नव्हती.

या कथेचा उगम रशियात होता. मे २०१६ मध्ये तेथील ‘नोवाया गझेटा’ या वृत्तपत्राने १३० मुलांच्या मृत्यूंचा संबंध काही इंटरनेट-गटांशी जोडला. तो आकडा इतर पत्रकारांच्या तपासात टिकला नाही. तथापि, सारेच कपोलकल्पित होते असेही नाही. खिन्न मुलांना गाठून त्यांना मरणाकडे ढकलल्याबद्दल एका तरुणाला तेथील न्यायालयाने २०१७ साली शिक्षा दिली. तो अपराध एका माणसाने केलेला होता; मोहिनी घालणाऱ्या यंत्राची कथा त्याभोवती नंतर रचली गेली.

भारतात या मृत्यूंच्या तपासासाठी संगणक-सुरक्षा पथकाच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने मुलांची संगणकीय साधने, इंटरनेटवरील व्यवहार व दूरध्वनीच्या नोंदी तपासल्या आणि वाचलेल्या मुलांशी बोलणी केली. यांपैकी एकाही प्रकरणात त्या खेळाचा हात असल्याचे सिद्ध होऊ शकले नाही, असे गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत लेखी उत्तरात सांगितले. भीतीची वार्ता मोठ्या मथळ्यांनी आली होती. हे उत्तर मात्र बहुतेकांच्या कानी गेलेच नाही.

या प्रकरणात खरे नुकसान कोणते झाले, हे पाहण्यासारखे आहे. सरकारने २०१७ च्या सप्टेंबरमध्ये पालकांसाठी काढलेल्या सूचनांत धोक्याची लक्षणे दिली होती. मूल एकलकोंडे होणे, सतत उदास किंवा चिडचिडे राहणे, आवडीच्या गोष्टींत मन न लागणे, अंगावर जखमा दिसणे, अशी ती लक्षणे होती. ती शांतपणे वाचली म्हणजे ध्यानात येते की, ही कोणत्याही खेळाची खूण नसून दुःखी मुलाची खूण आहे. परीक्षेचे ओझे असो, घरातील कलह असो, वर्गातील छळ असो, लक्षणे हीच असतात. मोबाईल काढून घेतला की संकट टळले, असे ज्या घरात मानले गेले, तेथे त्या मुलाला काय सलत होते हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. करणी उतरवून घेतली, पण आजार अंगातच राहिला. शिवाय, असे मृत्यू सविस्तर व रंगवून सांगितल्याने दुसऱ्या दुःखी जीवांपुढे तेच उदाहरण उभे राहते. हा परिणाम मात्र अभ्यासलेला आहे आणि म्हणूनच भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ साली अशा बातम्यांसाठी मार्गदर्शक नियम स्वीकारले.

मग यंत्रे माणसाच्या वागण्यावर काहीच परिणाम करीत नाहीत काय? करतात, आणि ते नाकारणाऱ्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. २०१२ च्या जानेवारीत फेसबुकने सुमारे ६,८९,००० लोकांपुढे येणाऱ्या मजकुरातील आनंदाचा किंवा दुःखाचा भाग आठवडाभर कमी करून पाहिला. त्या लोकांना याची सूचना दिली नव्हती. २०१४ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर योग्य ती टीका झाली. लोकांच्या लिहिण्यात पडलेला फरक अतिशय अल्प होता, तरीही विनासंमती असे करणे गैरच होते. या उदाहरणात आणि देवमाशाच्या कथेत भेद आहे तो असा की, येथे कोणी, केव्हा, काय बदलले आणि किती फरक पडला, हे सारे सांगता येते. जे सांगता येते त्याचा जाब विचारता येतो.

धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याची घटना हेच शिकविते. १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. तशाच अफवांनी त्याच वर्षी तमिळनाडूतही बळी घेतले होते. ‘व्हॉट्सॲपने माणसे मारली’ असे तेव्हा म्हटले गेले. संदेश त्या मार्गाने वेगाने फिरले, हे खरे आणि म्हणूनच त्या महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा त्या कंपनीने घातली. परंतु हात उगारला तो माणसांनी. सारा दोष यंत्राच्या मोहिनीवर टाकला, तर उगारलेले हात निर्दोष ठरतात.

म्हणून अशी समजूत कानी आली असता सांगणाऱ्याला मूर्ख म्हणू नये. त्याला तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. हे प्रत्यक्ष कोणी पाहिले? परिणाम कोणत्या वाटेने घडतो? आणि काय आढळले असता ही समजूत चुकीची ठरेल? तिसऱ्या प्रश्नाला ज्या समजुतीपाशी उत्तर नसते, ती करणीच्या जातीची समजावी. सरकारी कचेऱ्या, शाळा व वृत्तपत्रे यांनाही हेच प्रश्न लागू आहेत, कारण २०१७ मध्ये परिपत्रके आधी निघाली आणि तपास मागाहून झाला.

आणि ज्या घरात एखादे मूल गप्प झाले असेल, तेथे या चर्चेसाठीही थांबू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकून घ्यावे आणि गरज भासल्यास वैद्याकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. मोबाईलची झडती मागाहून घेता येईल. मुलाचा चेहरा आधी वाचला पाहिजे.