पडद्यावरील क्षेत्रभेट : वॉशिंग्टन व लिंकन यांच्या घरी
(केंद्रस्तरीय शिक्षक संमेलनात दिलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकताच आपणांपैकी काहींच्या मुद्रेवर स्मित उमटलेले मी पाहिले. ज्या मुलांनी जिल्ह्याचे ठिकाणही पाहिलेले नाही, त्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची घरे दाखवून काय साधणार, असा प्रश्न त्या स्मितात आहे आणि तो रास्त आहे. अमेरिकेत मात्र हा उपक्रम अनेक प्राथमिक शाळांच्या अंगवळणी पडला आहे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी तेथे वॉशिंग्टनच्या जन्मदिनाची सुटी असते. त्या सुमारास शिक्षक मुलांना संगणकाच्या पडद्यावरून त्या त्या वास्तूंत फिरवून आणतात. कॅलिफोर्नियातील मुलाला व्हर्जिनिया हे आपल्या मुलांना दिल्ली आहे त्याहून कितीतरी दूर. तेव्हा ही सोय त्यांनी हौसेखातर नव्हे, गरजेपोटी केली.

मी तिच्याकडे वळलो तो वेगळ्या कारणाने. पाचवीच्या वर्गात महात्मा फुले यांच्याविषयी बोलत असता, ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी १८७३ साली अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, असे मी सहज सांगितले. मागच्या रांगेतून प्रश्न आला, “गुरुजी, तिथं गुलाम कुणाचे होते?” मी उत्तर दिले, पण ते पुस्तकी होते, हे माझे मलाच जाणवले. शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला दूरदर्शन संच होता. दुसऱ्या आठवड्यात मी जॉर्ज वॉशिंग्टनचे माउंट व्हर्नन हे घर मुलांना दाखविले. पोटोमॅक नदीकाठच्या ह्या घराच्या सर्व दालनांची चित्रे तेथील संस्थेने महाजालावर ठेवली आहेत. बोटाने सरकवीत गेल्यास आपण खोलीत उभे राहून चोहीकडे पाहत आहोत असे वाटते.

पहिल्या वेळी मी चुकलो. चाळीस मिनिटे दिवाणखाने, पलंग, आरसे ह्यांतून मुलांना फिरविले. वर्ग शांत होता, म्हणून मी समाधान मानले. दुसऱ्या दिवशी काय पाहिले असे विचारता बहुतेकांनी “मोठा वाडा” एवढेच सांगितले. एका मुलीने मात्र विचारले, “गुरुजी, एवढ्या वाड्यात पाणी कोण भरत होतं?” जिच्या घरी पाणी भरण्याचे काम तिच्याचकडे आहे, तिलाच हा प्रश्न सुचावा हे स्वाभाविक होते. माझ्या साऱ्या तयारीत तो नव्हता.

दुसरी भेट त्या प्रश्नावर आधारली. ठिकाणे तीनच निवडली. पहिले, घराची बाहेरची भिंत. ती दगडी दिसते, परंतु आहे लाकडी. फळ्यांच्या कडा तासून रंगावर वाळू मारलेली आहे. मुलांना हे आधी सांगू नये. दगड की लाकूड, असे विचारून त्यांना भांडू द्यावे. दुसरे, मधल्या दालनात टांगलेली बॅस्तीय तुरुंगाची किल्ली. फ्रान्समधील क्रांतीत तो तुरुंग लोकांनी पाडल्यावर लाफायेतने १७९० साली ती वॉशिंग्टनला पाठविली. स्वातंत्र्याची ही खूण ज्या दालनात आहे, तेथून अंगण ओलांडून आम्ही तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे मूळ घरापासून वेगळ्या बांधलेल्या स्वयंपाकघरात व तेथून गुलामांच्या खोल्यांकडे गेलो.

येथे थांबावे, भरपूर थांबावे. १७९९ साली वॉशिंग्टन वारला तेव्हा त्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे; त्यांना त्याने मृत्युपत्राने मुक्त केले. उरलेल्यांपैकी बहुतेक पत्नीच्या पहिल्या पतीच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या मिळकतीत मोडत. त्यांना मुक्त करणे त्याच्या हाती नव्हते. हर्क्युलस नावाचा त्याचा नामांकित स्वयंपाकी तत्पूर्वीच, २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, वॉशिंग्टनच्या पासष्टाव्या वाढदिवशी, पळून गेला. काही आठवड्यांनी एक फ्रेंच राजपुत्र तेथे आला असता त्याच्या सेवकाने हर्क्युलसच्या लहानग्या मुलीला विचारले, की बाप दिसत नाही म्हणून तुला वाईट वाटत असेल. तिने उत्तर दिले, मला आनंद होतो, कारण तो आता मोकळा आहे. राजपुत्राने हे रोजनिशीत टिपले. मुलीची आई कस्टिसांच्या मिळकतीतली, म्हणून मुलगीही तशीच. मृत्युपत्राने बाप मुक्त झाला, ती झाली नाही. माझ्या वर्गातील मुलांना वॉशिंग्टनच्या लढायांपेक्षा ही मुलगी अधिक लक्षात राहिली. त्यामुळे वॉशिंग्टन त्यांच्या मनातून उतरला असे मला दिसले नाही. तो माणूस झाला.

लिंकनच्या बाबतीत तर आपणा शिक्षकांचीच परीक्षा आहे. लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांस लिहिलेले म्हणून जे पत्र आपल्या कित्येक कार्यालयांत चौकटीत लावलेले असते, ते लिंकनच्या संकलित लेखनात नाही, व त्याने ते लिहिल्याचा पुरावाही नाही. विचार सुंदर आहेत. ते त्याचे नाव पुसूनही भिंतीवर राहू शकतील. वॉशिंग्टनच्या कुऱ्हाडीची व चेरीच्या झाडाची गोष्टही अशीच. खोटे बोलू नये हे शिकविणारी ती कथा विम्स नावाच्या चरित्रकाराच्या पुस्तकात १८०६ साली आली, आणि तिलाही आधार नाही.

खरे पत्र हवे असल्यास ते आहे. १८६० च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यातील वेस्टफील्ड गावच्या ग्रेस बेडेल ह्या अकरा वर्षांच्या मुलीने लिंकनला लिहिले, की तुमचा चेहरा बारीक आहे, दाढी राखाल तर बरे दिसाल. त्याने चारच दिवसांनी उत्तर दिले. वचन दिले नाही, पण दाढी राखली, व पुढच्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनकडे जाताना गाडी त्या गावी थांबली तेव्हा तिला बोलावून भेटला. दोन्ही पत्रांची छायाचित्रे पडद्यावर दाखविता येतात. मग केंटकीतील हॉजनव्हिल येथील लाकडी झोपडी पाहावी. लिंकन छप्पन्न वर्षे जगला म्हणून तिच्याभोवतीच्या स्मारकाला छप्पन्न पायऱ्या आहेत. मुलांना त्या मोजू द्याव्या. आतली झोपडी मूळची नसून प्रतीकादाखल ठेवलेली आहे, हेही सांगावे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. तेथील मार्गदर्शकाशी प्रत्यक्ष संवाद साधण्याचा मोह टाळावा. आपली शाळा अकरा वाजता भरते तेव्हा व्हर्जिनियात मध्यरात्र उलटून गेलेली असते. आणि विजेवर व संपर्कावर विसंबू नये. चित्रे आदल्या दिवशी भ्रमणध्वनीत उतरवून ठेवावीत. एका तासिकेस सहा चित्रे पुष्कळ झाली. माउंट रशमोरच्या डोंगरात कोरलेला एकेक चेहरा साठ फूट उंच आहे, हे पडद्यावर कळतच नाही. आम्ही मैदानात फक्कीने साठ फुटांची रेघ आखली, तेव्हा मुले बराच वेळ हनुवटीपासून कपाळापर्यंत धावत राहिली. तो डोंगर लाकोटा लोकांना १८६८ च्या तहाने दिलेला व मागाहून काढून घेतलेला आहे, हे मी त्याच रेघेवर उभे राहून सांगितले.

पाणी भरण्याचा प्रश्न विचारणारी मुलगी आता सातवीत आहे. आमच्या गावातील जुन्या वाड्यात कोण काय काम करीत असे, हे ती व तिच्या मैत्रिणी म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत उतरवीत आहेत. ती वही मी बरोबर आणली आहे. भाषणानंतर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी मागच्या टेबलाशी यावे.