कंबरदुखी आणि व्यायामाचा नेम



रथसप्तमी जवळ आली की गावोगावच्या शाखांवर, शाळांच्या पटांगणांवर आणि व्यायामशाळांत सामूहिक सूर्यनमस्कारांची तयारी सुरू होते. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला एखादा गृहस्थ त्या वातावरणाने भारावतो आणि पहिल्याच दिवशी एकशे आठ नमस्कारांचा संकल्प सोडतो. साठाच्या आसपास त्याच्या कंबरेत चमक भरते. पुढचे आठ दिवस तो अंथरुणावर काढतो आणि त्यापुढचे वर्ष ‘आपल्याला व्यायाम मानवत नाही’ या समजुतीत. वजन मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. पुढच्या रथसप्तमीला ते तीन किलोंनी वाढलेले असते आणि संकल्प पुन्हा एकशे आठांचाच असतो.

या गृहस्थाला आळशी ठरविणे अन्यायाचे होईल. आळशी माणूस साठापर्यंत पोहोचलाच नसता. एका नमस्कारात कंबरेतून पुढे वाकणे दोनदा येते. म्हणजे एकशे आठांत दोनशे सोळा वेळा. वर्षभर कचेरीतील खुर्चीत आणि लोकलच्या गर्दीत काढलेल्या पाठीकडून एका सकाळी एवढी मागणी केली, तर ती तक्रार करणारच. सूर्यनमस्काराचा त्यात दोष नाही. दोष आहे तो नित्यकर्माला पराक्रमाचे रूप देण्याच्या आपल्याकडील हौसेचा.

कंबरदुखीचा पसारा केवढा आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांवरून ध्यानात येते. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना हा त्रास होता. यांतील बहुतेकांच्या दुखण्यामागे एखादा विशिष्ट गंभीर रोग नसतो. तथापि काही लक्षणांत एक दिवसही दवडू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातील शक्ती जाणे, कंबरदुखीबरोबर ताप येणे, पडल्यानंतर तीव्र वेदना सुरू होणे, कारण नसताना वजन झपाट्याने घटणे, यांपैकी काही आढळले तर आधी डॉक्टर गाठावा. येथून पुढचे विवेचन उरलेल्या बहुसंख्यांसाठी आहे.

या बहुसंख्यांचे सर्वांत मोठे नुकसान विश्रांतीने केले आहे. पूर्वी कंबर धरली की घरातील वडीलधारी मंडळी फळीवर झोपवत आणि वैद्यकशास्त्राचेही मत त्याहून फार वेगळे नव्हते. १९८६ साली अमेरिकेतील एका अभ्यासात काही रुग्णांना दोन दिवस, तर काहींना सात दिवस पडून राहण्यास सांगण्यात आले. सात दिवसवाल्यांना अधिक लाभ काहीच झाला नाही. कामाचे दिवस मात्र त्यांचेच जास्त बुडाले. आज तर शक्य तेवढी हालचाल चालू ठेवण्याचाच सल्ला दिला जातो. पडून राहिल्याने कण्याला आधार देणारे स्नायू दुबळे होतात, वजन वाढते, वाढलेल्या वजनाने चालणे जड जाते आणि चालणे सुटले की पाठ आणखी आखडते.

या चक्रात भर घालते ती भीती. एमआरआयच्या अहवालात ‘चकतीची झीज’ असे शब्द वाचले की धडधाकट माणूसही वाकून चालू लागतो. वास्तविक, पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा पन्नाशीतील शंभरांपैकी सुमारे ऐंशी जणांच्या चकत्यांत झीज आढळली. केस पांढरे होतात, तशीच बहुतांशी ही गोष्ट आहे. दुखले म्हणजे मोडले, असे समीकरण नाही. व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्ववत झाले, तर मात्रा योग्य होती. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले, तर मात्रा निम्मी करावी. व्यायाम बंद करू नये.

निम्म्यावर येण्यात कमीपणा वाटतो, हीच खरी अडचण आहे. येथे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे उदाहरण आठवावे. १९१८ साली जन्मलेल्या अय्यंगारांचे बालपण मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा आजारांत गेले. पुढे पुण्यात राहून त्यांनी योगविद्या जगभर पोहोचविली. १९७९ साली, वयाची साठी गाठलेली असताना, स्कूटरच्या अपघातांत त्यांचा कणा, खांदे आणि गुडघे दुखावले. जी आसने लीलया होत, ती अशक्य झाली. ज्यांच्यापुढे देशोदेशींचे शिष्य बसत, त्या गुरूने खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन पुन्हा नवशिक्याप्रमाणे पहिल्यापासून आरंभ केला. गेलेले परत मिळविण्यास वर्षे लागली. २०१४ साली, पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. नव्वदी उलटल्यावरही त्यांचा सराव सुटला नव्हता. आणि आपल्याकडे प्रौढ शाखेतील एखाद्या कार्यकर्त्याला बैठकीत खुर्ची घ्यायला लाज वाटते! दीड तास मांडी ठोकून तो बसतो आणि उठताना शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार शोधतो. शिक्षकाने ‘ज्याला जमेल तेवढेच’ हे शब्द एकदा मोठ्याने उच्चारले, तर अनेकांची कंबर वाचेल.

मग करावे काय? ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ व्यक्तींवर झालेला एक प्रयोग २०२४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली हळूहळू चालणे वाढविण्यास सांगितले. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास, एवढेच उद्दिष्ट होते. या गटात दुखणे पुन्हा उद्भवण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले, दुसऱ्या गटात ११२. ना यंत्रे, ना व्यायामशाळेची वर्गणी.

अर्धा तास चालणे कोणाला ठाऊक नाही? ठाऊक असूनही ते तिसऱ्या आठवड्यात सुटते. उत्साहावर भिस्त ठेवली की असेच होते, कारण दुखऱ्या पाठीने जाग आलेल्या सकाळी उत्साह नसतोच. नागपुरात सुरू झालेल्या शाखेची पद्धत या ठिकाणी उपयोगी पडते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेली माणसे. आज मन आहे की नाही, हा प्रश्नच तेथे विचारला जात नाही. दोन दिवस कोणी दिसला नाही तर गटनायक घरी जाऊन चौकशी करतो. चालण्यासाठीही असाच एक सोबती हवा, जो सकाळी सहाला कोपऱ्यावर उभा असेल. त्याला ताटकळत ठेवण्याचा संकोच हा कोणत्याही संकल्पापेक्षा भक्कम असतो. फार दुखत असेल त्या दिवशी घरातल्या घरात पाच मिनिटे फेऱ्या माराव्यात, पण तो दिवस कोरा जाऊ देऊ नये.

वजनाचा हिशेब मात्र वेगळा मांडावा. अर्ध्या तासाच्या चालण्यात जेवढी ऊर्जा खर्च होते, तेवढी एका वडापावात भरून निघते, वर शिल्लकही राहते. वजन मुख्यतः ताटात घटते. चालण्याकडून ते घटण्याची अपेक्षा धरली की महिन्याभरात निराशा येते आणि पाठीला लाभत असलेले चालणेही सुटते. ताटात काय करायचे, हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही. संध्याकाळच्या चहाबरोबरचे फरसाण, दिवसभरातील चार-पाच कप चहांतील साखर, लग्नसराईतील आग्रह, ही ठिकाणे सर्वांना परिचित आहेत. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचा लाडू, याला उपवास म्हणण्याची प्रथा आहे. पोटाला ती मान्य नाही. घरातील सुनेने किंवा पत्नीने स्वयंपाक करायचा आणि पथ्य तेवढे त्या गृहस्थाने पाळायचे, ही व्यवस्थाही टिकत नाही. तेलाची बरणी घरात किती दिवस पुरली, हे त्यानेही पाहावे.

रोज काट्यावर उभे राहू नये. मिठाने, पाण्याने एका दिवसात किलोभर फरक सहज पडतो आणि मन उगाच वर-खाली होते. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एवढे पुरे. त्यापेक्षा कमरेचा पट्टा अधिक प्रामाणिक असतो. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे तज्ज्ञ सांगतात. त्याबरोबर आणखी एक नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेत करावी. आज किती मिनिटे चालणे झाले, न थांबता किती जिने चढता आले, नातवाला उचलता आले का, बुटाची नाडी खाली बसून बांधता आली का. दुखणे तेवढेच वाटत असतानाही या नोंदी पुढे सरकत असतात, आणि चौथ्या महिन्यात मन कच खाऊ लागते तेव्हा मागची पाने उलटून पाहता येतात.

रथसप्तमीला अजून अवधी आहे. त्या गृहस्थाने यंदा उद्या सकाळपासून दहा मिनिटे चालावे, आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत, आणि सूर्यनमस्कार घालायचेच असतील तर जाणकाराला कंबर दाखवून, गुडघे किंचित वाकवून, दोनाने आरंभ करावा. मैदानावर शेजारचा शंभरी गाठत असेल. याचे बारा झाले की याने बाजूला बसून पाणी प्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कोपऱ्यावर हजर राहावे.