हृदयासाठी जीवनसत्त्वे व वनौषधी



जीवनसत्त्वे आणि वनस्पतींचे अर्क एकत्र केलेल्या ‘हृदयासाठीच्या’ कॅप्सूल उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या औषधदुकानांत सहज मिळतात. त्यांतील बी-१२ शाकाहारी समाजास आवश्यकच. ते वनस्पतींत नसते, दुधात थोडे असते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांच्या २००६ च्या पुण्यातील अभ्यासात ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ते कमी आढळले. त्याच्या अभावी हृदयविकाराशी निगडित होमोसिस्टीन रक्तात वाढते. बी-१२ घेतल्याने ते उतरते. झटका टळतो, असे मात्र मोठ्या चाचण्यांत दिसले नाही.

अर्जुनसालीचा मान आयुर्वेदात जुना. तरीही वेष्टणावर लसणाचा अर्क किंवा जिलेटिन लिहिले आहे काय, हे श्रावकाने पाहावेच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास लसणाच्या अर्काने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डबी आधी डॉक्टरांना दाखवावी. चालू औषध परस्पर बंद करू नये.